पांढरी बाहुली आणि सिडनीचे डॉक्टर ग्रेग

डोळ्याच्या मधोमध जो काळा ठिपका दिसतो त्याला आपण बाहुली म्हणतो. तो खरं तर ठिपका नाहीच, भोक आहे. भर उन्हात उभं राहून अंधाऱ्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं की ती खिडकी काळी दिसते ना, तसंच. त्या खिडकीच्या लगेच मागे एक भिंग असतं. ते इतकं स्वच्छ असतं की आपल्याला दिसतच नाही. पण एखाद्या तान्ह्या बाळाची बाहुली काळी न दिसता दुधाळ दिसली, तर बऱ्याचदा त्याचा अर्थ ते भिंगच गढूळ आहे असा असतो. म्हणजे मोतीबिंदू. आपण आजी-आजोबांचा आजार म्हणून ओळखतो तोच, पण जन्मतः आलेला.

गेले काही महिने या विषयावर हाती लागेल ते वाचते आहे. का, ते पुढे येईलच. मी डॉक्टर नाही, त्यामुळे वाचताना निम्मा वेळ शब्दांचे अर्थ शोधण्यात गेला. पण त्यात एक माणूस असा भेटला की त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्याचं नाव नॉर्मन ग्रेग.

ग्रेग सिडनीचे. जन्म १८९२चा. कॉलेजात क्रिकेट आणि टेनिस खेळण्यात पटाईत. डॉक्टर झाल्या झाल्या पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेले, तिथे शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळवला, मग इंग्लंडमध्ये डोळ्यांचं शिक्षण घेऊन सिडनीला परतले. खाजगी दवाखाना आणि जोडीला मुलांच्या हॉस्पिटलात डोळ्यांचे सर्जन. संशोधक वगैरे नव्हेत. प्रयोगशाळा नाही, हाताखाली विद्यार्थ्यांचा ताफा नाही. रोज पेशंट तपासणारे एक साधे, नेटके डॉक्टर.

१९४१ सालच्या पहिल्या काही महिन्यांत त्यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदूची बाळं येऊ लागली. एक आलं, दुसरं आलं, तिसरं आलं. एरवी डोळ्यांच्या डॉक्टरला असं बाळ क्वचित दिसायचं. इथे रांग लागली. आणि बाळांमध्ये सारखेपणा होता. बहुतेकांचे दोन्ही डोळे गेलेले. भिंगाचा मधला भाग मोत्यासारखा दाट पांढरा आणि कडेची कड तेवढी जरा स्वच्छ. अंगाने किरकोळ, दूध नीट ओढत नाहीत, वजन वाढत नाही. कित्येकांच्या छातीला नळी लावली तर हृदयाचा आवाज बरोबर नाही. बाहुली मोठी करण्यासाठी ॲट्रोपिनचे थेंब घातले तरी ती हवी तशी उघडत नाही.

त्या काळी जन्मजात दोष म्हटला की डॉक्टर एकच शब्द उच्चारायचे : आनुवंशिक. आईबापाच्या रक्तातून आलं, संपला विषय. गर्भाभोवती वार असते, ती भिंतीसारखी पहारा देते, बाहेरचं काही आत जाऊ देत नाही, अशी पक्की समजूत होती. पण ग्रेगना हे पटेना. आनुवंशिक दोष असे मोसमी पावसासारखे एकदम कोसळत नाहीत. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या इतक्या घरांत, एकाच हंगामात?

पुढचा प्रसंग ऑस्ट्रेलियात दंतकथेसारखा सांगतात. ग्रेग यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बाळं मांडीवर घेऊन आया बसल्या होत्या. बसल्या बसल्या बायका बोलतात तसं बोलणं चाललं होतं. एकीने म्हटलं की मला सुरुवातीच्या दिवसांत जर्मन गोवर झाला होता, या बाळाला त्याचं तर काही झालं नसेल ना? दुसरी म्हणाली, अगं, मलाही झाला होता! हे ग्रेग यांच्या कानावर पडलं.

आता इथे थांबून विचार करा. बाहेर बायका काय बोलतात याकडे किती डॉक्टरांचं लक्ष असतं? आणि ऐकलंच तरी ‘काहीतरीच’ म्हणून सोडून देणारे किती? ग्रेगनी आत बोलावून प्रत्येकीला नीट विचारलं. मग बाळाच्या जन्मतारखेपासून मागे मोजत गेले. १९४०च्या जुलै-ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियात जर्मन गोवराची मोठी साथ ऐन भरात होती. महायुद्धामुळे ठिकठिकाणची तरुण मुलं लष्करी छावण्यांत दाटीवाटीने राहत होती, रजेवर घरी जात होती, बरोबर साथही नेत होती. आणि या आया त्याच सुमारास पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात होत्या.

ग्रेगनी इतर शहरांतल्या डॉक्टरांना पत्रं लिहिली. ऑक्टोबर १९४१मध्ये मेलबर्नला नेत्रतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी निबंध वाचला. एकूण ७८ बाळं. त्यांतली त्यांची स्वतःची थोडी, बाकीची सहकाऱ्यांची. ७८पैकी ६८ आयांना गरोदरपणात जर्मन गोवर झाला होता. ४४ बाळांच्या हृदयात दोष होता.

निबंधाची बातमी वर्तमानपत्रात आली आणि पुढची गोष्ट घडली. बातमी वाचून काही आयांनी ग्रेगना कळवलं : आम्हालाही गरोदरपणी तोच आजार झाला होता, आमच्या मुलांचे डोळे ठीक आहेत, पण त्यांना ऐकू येत नाही. म्हणजे डोळे, हृदय आणि कान या त्रिकूटातला कान ग्रेग यांच्या निबंधात नव्हताच. तो आयांनी आणून दिला. १९४३मध्ये ॲडलेडच्या चार्ल्स स्वॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळं स्वतंत्रपणे तपासलं आणि ग्रेग यांचं म्हणणं बरोबर निघालं.

जर्मन गोवर हा तसा बिचारा आजार. हलका ताप, मानेमागे गाठी, अंगावर बारीक लालसर पुरळ, तीन दिवसांत सगळं गायब. अनेकांना तर झालाय हे कळतही नाही. अठराव्या शतकात जर्मन डॉक्टरांनी तो नेहमीच्या गोवरापासून वेगळा काढला म्हणून ‘जर्मन’ हे विशेषण. रुबेला हे नाव १८६६ सालचं, आणि गंमत म्हणजे ते हेन्री व्हील नावाच्या ज्या इंग्रज लष्करी सर्जनने दिलं त्याने ती साथ आपल्याकडे, हिंदुस्थानात पाहिली होती. नाव इथल्या पेशंटांवरून पडलं आणि लस इथल्या मुलांच्या सरकारी वेळापत्रकात यायला दीडशे वर्षं गेली! असो. त्याकडे नंतर येते.

आता मी हे सगळं का वाचत होते ते सांगते. आमच्या धाकट्या आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ, १९८०च्या सप्टेंबरात जन्मला. दोन्ही बाहुल्या पांढऱ्या. (हे लिहायला त्याची आणि आत्याची परवानगी घेतली आहे, घरच्यांनी फोन करू नयेत.) ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल की १६ फेब्रुवारी १९८०ला मोठं सूर्यग्रहण झालं होतं. कर्नाटकात खग्रास, आमच्या कोल्हापूरकडे खंडग्रास पण चांगलंच मोठं. रस्ते ओस पडले होते. आत्याला तेव्हा दुसरा महिना सरत आला होता. तिला ग्रहण ‘पाळायला’ बसवलं होतं, आणि पाळताना म्हणे ती मध्येच उठून परसात गेली. झालं! बाळाच्या डोळ्यांचा निकाल तिथेच लागला. सासूने, जावेने, शेजारणींनी, एवढंच काय आमच्या आजीनेही, म्हणजे तिच्या सख्ख्या आईने, तो मान्य केला. ‘उठली नसती तर’ हे वाक्य आत्याने पुढे किती वर्षं ऐकलं असेल याचा हिशोब नाही.

ग्रहणाने गर्भाला काही होत नाही, हे आज वेगळं सांगायला नको. (सांगायला हवं असं वाटणारे दोन-तीन नातेवाईक हे वाचतात, त्यांच्यासाठी सांगितलं.) पण मला त्या समजुतीपेक्षा तिचा आकार खटकतो. बाळात दोष निघाला की आईने काय केलं ते शोधायचं. उठली, चिरलं, शिवलं, पाहिलं. आणि ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांचा ‘आनुवंशिक’ हा शब्दही फार वेगळा नव्हता. तोही आईबापांपाशीच जाऊन थांबायचा. दोन्हीकडे आईला काही विचारत कुणीच नव्हतं.

गेल्या दिवाळीत मी आत्याला विचारलं, “आत्या, तुला तेव्हा दिवस असताना कधी ताप-पुरळ असं काही आलं होतं का गं?” ती लाडवांचं पातेलं पुसत होती. म्हणाली, “आलं होतं की. संक्रांतीनंतर. शेजारच्या पोरांना आलं होतं, त्यांचं मला आलं. तीन दिवसांत गेलं. उष्णता असेल म्हणून सब्जा घेतला.” मग जरा वेळाने : “पण हे तू आत्ता का विचारतेयस? तेव्हा तर कुणीच विचारलं नाही.”

आतेभावाला एका कानाने ऐकूही कमी येतं. तो आता पंचेचाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे, पिठाची गिरणी चालवतो, आणि पिठाचा पोत चिमटीत धरून जात्याचं अंतर ठरवतो. दीड वर्षाचा असताना दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. उजेड, आकार, मोठी अक्षरं एवढं दिसतं.

तर मला गवसलं असं वाटलं. आणि मग ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाची भूमिका वाचली, आणि जरा जमिनीवर आले. १९४४मध्ये या साप्ताहिकाने ग्रेग यांच्या कामाबद्दल लिहिताना म्हटलं होतं की विषय विचार करण्याजोगा आहे, पण सिद्ध झालेला नाही. पहिल्यांदा वाचताना मला संताप आला. वसाहतीतला डॉक्टर म्हणून नाक मुरडलं असेल, असंही वाटलं. पण आक्षेप नीट पाहिला तर त्यात दम आहे. ग्रेगनी सुरुवात केली ती आजारी बाळांपासून. मागे जाऊन आयांना विचारलं. ज्यांना जर्मन गोवर होऊनही धडधाकट बाळं झाली त्या आया डोळ्यांच्या डॉक्टरकडे कशाला येतील? त्या मोजल्याच गेल्या नाहीत. शिवाय ज्या आईचं बाळ आंधळं आहे ती कारण शोधत असते. तिला ‘पुरळ आलं होतं का?’ असं विचारलं तर तिला ते आठवण्याची शक्यता जास्त. आणि मी आत्याला नेमकं तसंच विचारलं होतं. पंचेचाळीस वर्षांनंतर, उत्तर प्रश्नातच ठेवून. त्यामुळे आतेभावाच्या डोळ्यांचं कारण रुबेलाच, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. रक्त तेव्हा तपासलं नाही, आता तपासून काही कळायचं नाही. लक्षणं जुळतात, महिना जुळतो, एवढंच.

ग्रेग यांच्या बाबतीत मात्र शंका पुढे फिटत गेली आणि ती ज्या रीतीने फिटली ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं. ऑस्ट्रेलियाच्या जनगणनेत बहिऱ्या-मुक्यांची नोंद होत असे. १९११च्या जनगणनेत दहा ते चौदा वयोगटात अशा मुलांची संख्या अचानक फुगलेली दिसली. १९२१ला तोच फुगवटा दहा वर्षांनी मोठा होऊन वीस ते चोवीसच्या गटात दिसला. म्हणजे १८९९च्या आसपास जन्मलेल्या मुलांत काहीतरी घडलं होतं. काय, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आकडे सरकारी पुस्तकात तसेच पडून राहिले. ऑलिव्हर लँकेस्टर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९५१मध्ये बहिऱ्यांच्या शाळांची जुनी दाखल-रजिस्टरं काढली, मुलांच्या जन्मतारखा मांडल्या आणि त्या जर्मन गोवराच्या साथींशी ताडून पाहिल्या. फुगवटे साथींच्या मागोमाग आले होते. इथे कुणा आईच्या आठवणीवर विसंबायचं कारणच नव्हतं. रजिस्टर लिहिणाऱ्या कारकुनाला जर्मन गोवराशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून त्याची साक्ष पक्की!

बायका खरं बोलत होत्या हे रजिस्टरांनी सांगितलं तेव्हा कुठे सगळ्यांना पटलं, असंही याच गोष्टीकडे पाहता येईल. पण ते थोडं कडू होईल.

याच काळात अमेरिकेत एक गोष्ट घडली. जीन टियर्नी ही हॉलिवूडची नटी १९४३मध्ये पहिल्या खेपेला गरोदर होती. युद्धावर निघालेल्या सैनिकांच्या करमणुकीसाठी ती एका कॅन्टीनमध्ये गेली, आणि काही दिवसांनी तिला जर्मन गोवर झाला. मुलगी जन्मली ती ऐकू न येणारी, डोळ्यांत मोतीबिंदू असलेली, पुढे बुद्धीचीही वाढ खुंटलेली. नंतर एका समारंभात एक चाहती भेटली आणि मोठ्या कौतुकाने सांगू लागली, मला तेव्हा जर्मन गोवर झाला होता, बाहेर पडायला बंदी होती, तरी मी खास तुम्हाला पाहायला पळून आले होते. टियर्नीने हे आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. ग्रेग यांचा निबंध छापून झाला होता, पण तो होता ऑस्ट्रेलियातल्या नेत्रतज्ज्ञांच्या एका वार्षिक अंकात. हॉलिवूडपर्यंत तो वेळेत कसा पोचणार? (आगाथा ख्रिस्तीच्या एका कादंबरीचं रहस्य या घटनेशी विलक्षण जुळतं. कुठली ते सांगत नाही, न वाचलेल्यांची मजा जाईल.)

कारण सापडलं, पण ज्या बाळांना मोतीबिंदू झालेला आहे त्यांचं काय? इथे ग्रेग आणि त्यांच्या पिढीचे हात बांधलेले होते. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात बारीक सुई घालून भिंगाचं आवरण फाडायचं आणि आतला गढूळ गर हळूहळू विरघळू द्यायचा, हीच तेव्हाची रीत. एकदा करून भागायचं नाही, पुन्हा पुन्हा करावं लागायचं. त्यात या बाळांची हृदयं अधू, भूल देणं म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय पुढे असं कळलं की रुबेलाचा विषाणू त्या भिंगात जिवंत दडून बसतो, मूल दोन-तीन वर्षांचं झालं तरी. भिंग फोडलं की डोळा सुजायचा, लाल व्हायचा. त्यामुळे मूल जरा मोठं होऊ दे, अंग धरू दे, मग बघू, असा सल्ला सर्रास दिला जायचा. आतेभावाच्या वेळीही तोच दिला गेला. सल्ला देणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांनी जे शिकलं होतं तेच सांगितलं.

पण वाट पाहण्याची किंमत काय असते हे तोवर माहीत झालेलं होतं. किंबहुना फार पूर्वी डोळ्यांसमोर आलं होतं. १७२८ साली लंडनच्या विल्यम चेसेल्डन या सर्जनने तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाचे जन्मापासूनचे मोतीबिंदू काढले आणि त्या मुलाला पुढे काय काय दिसलं याचं टिपण छापलं. त्या मुलाला सगळ्या वस्तू डोळ्यांना चिकटल्यासारख्या वाटत. लांब-जवळ कळेना. कुत्रा कुठला, मांजर कुठलं हे नुसतं पाहून ओळखता येईना. विचारायची लाज वाटायची, म्हणून एकदा त्याने मांजर उचलून घेतलं, हाताने चाचपलं, तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाला, आता पुढच्या वेळी तुला ओळखीन. चेसेल्डनने काचेसारखा स्वच्छ डोळा दिला होता, पण पाहायला शिकायचं वय मागे पडलं होतं.

याचा उलगडा १९६३मध्ये अमेरिकेत डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी केला. त्यांनी मांजरांच्या पिल्लांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली (वाचवत नाही, पण केलं खरं). टाके काढले तेव्हा डोळा ठणठणीत होता, पण मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याकडून आलेला निरोप घेईनाशाच झाल्या होत्या. मोठ्या मांजरावर तेच केलं तर काहीच बिघडलं नाही. म्हणजे मेंदूचा एक शिकण्याचा हंगाम असतो आणि तो जन्माबरोबर सुरू होतो. पेरणी त्याच दिवसांत व्हायला हवी. दोघांना १९८१चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या काही नेत्रतज्ज्ञांनी एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या, जेमतेम काही दिवसांच्या बाळांवर ऑपरेशन करून चांगली दृष्टी आल्याचं प्रसिद्ध केलं. तोवर एकाच डोळ्याचा जन्मजात मोतीबिंदू म्हणजे त्या डोळ्याचा नाद सोडा, असं पुष्कळ डॉक्टर मानत होते.

आज हिशोब साधारण असा मांडतात. एका डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर बाळ सहा आठवड्यांचं होण्याच्या सुमारास, दोन्हींत असेल तर आठ-दहा आठवड्यांपर्यंत तो निघायला हवा. फार घाईही नको, पहिल्या चार आठवड्यांत केलं तर पुढे काचबिंदूचा धोका वाढतो. म्हणजे निदानाला वेळ किती? बाळंतीण चाळीस दिवस खोलीत, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून फारसं कुणाला दाखवायचं नाही, सव्वा महिन्याने बाहेर काढायचं. तोवर तो हंगाम जवळजवळ संपत आलेला असतो.

तपासणी मात्र इतकी साधी आहे की आश्चर्य वाटतं. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१च्या सुमारास ऑफ्थॅल्मोस्कोप बनवला, डोळ्यात उजेड टाकून त्याच वाटेने आत पाहण्याचं यंत्र. खोलीत थोडा अंधार करायचा, हातभर अंतरावरून बाळाच्या दोन्ही डोळ्यांवर या यंत्राचा उजेड टाकायचा आणि त्यातून पाहायचं. आतला पडदा लालसर-नारिंगी चमकतो. आपल्यासारख्या सावळ्या माणसांत जरा फिका, पिवळसर. दोन्हीकडे सारखा असला की ठीक. एखादीकडे पांढरा, काळा किंवा अर्धामुर्धा दिसला तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे. अर्धा मिनिट लागतं. पांढरी चमक मोतीबिंदूचीच असते असंही नाही. डोळ्याच्या आतल्या गाठीची, कॅन्सरची असू शकते, म्हणून थांबायचं नाही. आणि एक वेगळीच गोष्ट : बाळाचे डोळे फारच मोठे, टपोरे, सारखं पाणी येतंय, उजेड सहन होत नाही, बुबुळ धुरकट दिसतंय, तर ‘किती सुंदर डोळे!’ म्हणून काजळ घालत बसू नका. तो जन्मजात काचबिंदू असू शकतो.

डोळा सापडला म्हणजे काम संपत नाही. रुबेलाची शंका असेल तर बाळाचं रक्त, हृदयाची सोनोग्राफी, कानांची तपासणी, सगळं व्हावं लागतं. (असं बाळ वर्षभरसुद्धा विषाणू बाहेर टाकत राहू शकतं, म्हणून घरातल्या दुसऱ्या गरोदर बाईला जपावं लागतं. हे मला अजिबात माहीत नव्हतं.) ऑपरेशननंतर खरी कसोटी आईबापांची. भिंग काढलेल्या डोळ्याला जाड चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स, आणि एकच डोळा अधू असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे आळशी डोळा कामाला लागतो. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात लेन्स बसवणं आणि वर्षभराच्या पोराच्या डोळ्यावर पट्टी टिकवणं ज्यांनी केलंय त्यांना साष्टांग नमस्कार. बाळाच्या डोळ्यात लगेच कृत्रिम भिंग बसवावं की नाही यावर अमेरिकेत ११४ बाळांवर मोठा अभ्यास झाला. मुलं साडेचार वर्षांची झाल्यावर पाहिलं तर दृष्टीत फरक नव्हता आणि भिंग बसवलेल्यांना पुन्हा ऑपरेशनं जास्त लागली होती.

उशीर झालेल्यांचं सगळंच संपतं असंही नाही, हे आतेभावासाठी लिहिते. पवन सिन्हा या शास्त्रज्ञांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मधून दिल्लीत जन्मांध मुलांवर उशिरा ऑपरेशनं झाली. २०११मध्ये त्यांनी आठ ते सतरा वर्षांच्या पाच जणांबद्दल लिहिलं. हाताने चाचपलेली वस्तू ऑपरेशननंतर लगेच नुसतं पाहून त्यांना ओळखता येत नव्हती, पण काही दिवसांतच येऊ लागली. अगदी चेसेल्डनच्या मुलाचं मांजर!

लसीची गोष्ट थोडक्यात सांगते. विषाणू प्रयोगशाळेत सापडला १९६२मध्ये. १९६४-६५च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे वीस हजार बाळं हा दोष घेऊन जन्मली. लस आली १९६९मध्ये. ग्रेग १९६६मध्ये वारले, त्यांना ती पाहता आली नाही. ऑस्ट्रेलियातून रुबेला हद्दपार झाल्याचं २०१८मध्ये जाहीर झालं.

आपल्याकडे? मदुराईच्या नेत्रतज्ज्ञांनी आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी १९९६मध्ये छापलेल्या अभ्यासात मोतीबिंदू झालेल्या एक वर्षाखालच्या बाळांपैकी २५ टक्क्यांमागे रुबेला निघाला होता. ग्रेगना कारण सापडून पंचावन्न वर्षं झाली होती. फेब्रुवारी २०१३मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासायच्या जन्मजात दोषांत मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयदोष तिन्ही आहेत. ग्रेग आणि त्या आयांचं त्रिकूट, सरकारी तक्त्यात. गोवर-रुबेला लसीची देशव्यापी मोहीम २०१७मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८पासून, नऊ महिने ते पंधरा वर्षांखालच्या सगळ्या मुलांसाठी. तेव्हा व्हॉट्सॲपवर काय काय फिरत होतं ते आठवत असेल. आमच्या सोसायटीतही दोन घरांनी पोरांना त्या दिवशी शाळेत पाठवलं नव्हतं.

हा मजकूर आत्याला फोनवर वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “त्या ग्रेगच्या दवाखान्यात बायका बसल्या होत्या ते परत वाच.”

परत वाचलं.

आणि घरातल्या ज्या मुलींची लग्नं ठरताहेत आणि वय या मोहिमेत बसलं नव्हतं, त्यांच्यासाठी : रुबेलाची लस घेतली आहे का ते आईला विचारा, कार्ड शोधा, सापडलं नाही तर डॉक्टरांशी बोला. लस गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर निदान महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत, तेव्हा लग्नाच्या खरेदीच्या यादीत ती जरा वरच लिहा.